बॅटरी केवढी घ्यायची ते सांगता, ती भरायची कशी ते पण सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत गाडीमागे जोडायचा राहण्याचा ट्रेलर घेऊन लाइट नसलेल्या ठिकाणी मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी बॅटरीवर लेख आला होता तो वाचला, दोनदा वाचला, आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हे दिसतंच, पण सगळा भर १०० एएच (अॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) घ्या की २०० एएच घ्या यावरच आहे आणि चार्जिंगवर मोजून दोन ओळी. माझं म्हणणं एवढंच की हे उलटं व्हायला पाहिजे होतं. बॅटरी आधी आणि चार्जिंग नंतर बघू असं जो करतो त्याच्या बॅटऱ्या दोन सीझनच्या वर टिकत नाहीत, हे मी माझ्या स्वतःच्या दोन बॅटऱ्या घालवून शिकलोय.

झालं असं की आम्ही ट्रेलर घेतला तेव्हा त्यात एकच साधी बॅटरी होती, ती पुरेना म्हणून मी तशीच अजून एक आणून पॅरलल जोडली आणि मनाशी ठरवून टाकलं की आता दुप्पट झालं, आता काळजी नाही. पहिली ट्रिप बरी गेली. दुसऱ्या वर्षी एका थंडीच्या रात्री तीनच्या सुमारास गॅस हीटरचा पंखा मंदावत मंदावत बंदच पडला आणि पाठोपाठ गॅस डिटेक्टर टीं टीं करायला लागला, बायको आणि दोन्ही मुलं दचकून उठली, मीटर लावून बघतो तर १०.९ व्होल्ट. बाहेर काळोख, आत गारठा, आणि गॅस लीक झाला तर सांगणारं ते एकमेव यंत्र त्याच बॅटरीवर. ती रात्र आम्ही गाडीत इंजिन चालू-बंद करत बसून काढली. घरी आल्यावर विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला बॅटरी खराब झाली, नवीन घ्या. खराब का झाली हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

का झाली ते नंतर कळलं. शिशाची बॅटरी, म्हणजे लेड-ॲसिड, वापरली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं, पण अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी दिवसच्या दिवस पडून राहिली की त्याचे कडक खडे होतात आणि ते मग काही केल्या निघत नाहीत, तेवढा भाग कायमचा मेला. यालाच सल्फेशन म्हणतात. १८५९ मध्ये गॅस्टन प्लँटेने ही बॅटरी बनवली, तेव्हापासूनची ही जुनी गोष्ट आहे, कुठलं गुपित नाही, पण बॅटरी विकत घेणाऱ्याला कोणी सांगतच नाही. माझ्या बॅटऱ्या जास्त वापरून मेल्या नव्हत्या, त्या कधी पूर्ण भरल्याच गेल्या नव्हत्या.

आणि मी तर समजत होतो की भरतायत! ट्रेलर लाइटला जोडला की आतला कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या लाइटवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणारा डबा, चालू होतो, त्याचा हिरवा दिवा लागतो, म्हणजे चार्ज होतंय. पण बऱ्याच जुन्या ट्रेलरमधला कन्व्हर्टर कायम १३.६ व्होल्टच देतो, ना कमी ना जास्त. १३.६ हे भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला ठीक आहे, पण उतरलेली बॅटरी त्याच्यावर भरायला दिवसच्या दिवस लागतात, कारण व्होल्टेज थोडं चढलं की करंट आत जाणंच कमी होतं. शिशाच्या बॅटरीला तीन टप्पे लागतात, आधी बल्क म्हणजे चार्जर जेवढा करंट देऊ शकतो तेवढा आत ढकलायचा, मग व्होल्टेज १४.४ ते १४.८ ला पोचलं की तिथेच धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरत जाऊ द्यायचा, हे अॅब्सॉर्प्शन, आणि सगळ्यात शेवटी १३.५ च्या आसपास फ्लोट. त्यातला मधला टप्पा हा खरा वेळखाऊ. पहिले ८० टक्के भराभर भरतात पण शेवटच्या २० टक्क्यांना चार-चार, सहा-सहा तास लागतात, कितीही मोठा चार्जर लावा, बॅटरीच घेत नाही. लोक दोन तास जनरेटर चालवतात, मीटरवर १४ च्या वर दिसलं की झालं म्हणून बंद करतात, आणि रोज तो वरचा पाचवा हिस्सा रिकामाच राहतो आणि तिथेच खडे धरायला सुरुवात होते.

दुसरा गैरसमज गाडीचा. तीन तास ड्रायव्हिंग केलं म्हणजे ट्रेलरची बॅटरी फुल झाली असं मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय आणि मीसुद्धा हेच मानत होतो. सात पिनांच्या कनेक्टरमधून चार्जिंगची एक वायर ट्रेलरकडे जाते हे खरं आहे, पण ती किती बारीक आणि किती लांब आहे ते बघा. मी गाडीच्या बॅटरीपाशी मोजलं तर १४.२ आणि मागे ट्रेलरच्या बॅटरीपाशी १३.३, मधला जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच गेला, आणि आत जात होते जेमतेम ५-६ अॅम्पिअर. म्हणजे तीन तासात १५-१८ एएच, आमच्या एका दिवसाच्या विजेच्या पाव खर्चाइतके. शिवाय आताच्या नवीन गाड्यांचा अल्टरनेटर गाडीची स्वतःची बॅटरी भरली की पेट्रोल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, मग मागे काहीच जात नाही. यावर उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी चार्जर, तो ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवायचा आणि गाडीपासून त्याच्यापर्यंत चांगली जाड, फ्यूज असलेली वेगळी वायर आणायची, मग तो खालचं व्होल्टेज उचलून बॅटरीला पाहिजे तेवढं करून देतो. २० किंवा ३० अॅम्पिअरचा बसवला तर तेच तीन तास खरोखर कामी येतात.

आता आधी खर्चाचा हिशोब, कारण त्याच्याशिवाय कुठली बॅटरी घ्यायची हा प्रश्नच चुकीचा आहे. मी वही घेऊन बसलो आणि एकेक वस्तू क्लॅम्प मीटरने मोजली. हीटरचा पंखा ७ अॅम्पिअर, थंडीत रात्रभरात मिळून पाच तास चालला तर ३५ एएच. एलईडी दिवे सगळे मिळून १ अॅम्पिअर, चार तास, म्हणजे ४. पाण्याचा पंप ओढतो ६ पण दिवसात वीस मिनिटंच, म्हणजे २. फोन लॅपटॉप ७ धरा. आणि जे कोणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे न दिसणारे लोड, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी वगैरे मिळून माझ्याकडे सरासरी १ अॅम्पिअर चोवीस तास, म्हणजे काहीच न करता २४ एएच! बेरीज ७२. आणि इन्व्हर्टर चालू करून विसरलात तर तो नुसता चालू राहण्यासाठीच तासाला एक एएच खाऊ शकतो, तो वेगळा. मायक्रोवेव्ह इन्व्हर्टरवर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की तो बॅटरीतून १०० अॅम्पिअरच्या आसपास ओढतो, दहा मिनिटात १६-१७ एएच गेले.

७२ म्हणजे १०० ची बॅटरी पुरेल असं वाटतं ना? नाही पुरत. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून १०० मधले वापरायचे ५० च. त्यात पुन्हा लेबलवरचा १०० हा आकडा वीस तासात हळूहळू, म्हणजे ५ अॅम्पिअरने काढला तरचा आहे, जोरात ओढलं की मिळतं त्याहून कमी. आणि लेबल नीट वाचा, त्याच्यावर एएच ऐवजी नुसते क्रँकिंग अॅम्पिअर मोठ्या अक्षरात असतील तर ती इंजिन स्टार्ट करायची बॅटरी आहे, तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, दोन सेकंद भरपूर करंट द्यायला बनवलेली ती, रात्रभर थोडा थोडा द्यायला नाही. आपल्याला जाड प्लेटांची डीप सायकल पाहिजे. शिशातच राहायचं असेल तर माझं मत ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या, १२ व्होल्ट होतात आणि २२० एएचच्या आसपास मिळतात, दणकट असतात, फक्त एकेक २८-३० किलोची आणि बॅटरीचं पाणी वेळेवर बघावं लागतं. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर टाकायचं, आधी नाही, नाहीतर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं. एजीएम, म्हणजे शिशाचीच पण सीलबंद बॅटरी, तिच्यात पाण्याची कटकट नाही पण पूर्ण भरण्याचा नियम तिलाही तेवढाच लागू, ती सीलबंद आहे म्हणून सल्फेशन होत नाही असं नाही. आणि जुनी आणि नवीन बॅटरी एकत्र जोडू नका, मी तेच केलं होतं, जुनी नवीला आपल्या पातळीवर ओढून नेते.

लिथियमबद्दल तुमच्या लेखात फक्त हलकी आणि महाग एवढंच आहे, याचं मला जास्त वाईट वाटलं. ट्रेलरमध्ये जी वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये ज्यावर शोधनिबंध छापला तो पदार्थ, फोनमधल्या लिथियमपेक्षा हा तापून पेट घेण्याच्या बाबतीत बराच शांत. हलकी आहे, ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते, हजारो वेळा भरून-उतरवून चालते, हे सगळं खरं. पण रानात राहणाऱ्याच्या दृष्टीने तिचा सगळ्यात मोठा गुण हा की ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही! आज ऊन नव्हतं, ६० टक्क्यांपर्यंतच भरली, तर राहू दे ६० वर, उद्या बघू. जी गोष्ट शिशाला मारते तीच हिला चालते. आणि १०० एएचची लिथियम ५० अॅम्पिअर जवळजवळ शेवटपर्यंत घेत राहते, म्हणजे एक तास जनरेटर चालवला की जवळपास ५० एएच आत, शेजाऱ्यांची झोपमोड पण नाही. शिशाला तेवढेच भरायला त्या शेवटच्या टप्प्यामुळे अर्धा दिवस. म्हणूनच म्हणतो की कुठली बॅटरी याचं उत्तर चार्जिंगमध्ये आहे. प्रत्येक मुक्कामानंतर घरी येऊन दोन दिवस चांगल्या चार्जरला लावणार असाल, शनिवार-रविवारच जाणार असाल तर शिशाची छान चालेल, उगाच जास्त खर्च करू नका. आठवडाभर झाडीत राहणार असाल आणि भरायला फक्त सोलर असेल तर लिथियम घ्या.

पण तिची पथ्यं वेगळी. शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नाही, वापरायला हरकत नाही पण चार्ज नाही, कारण थंडीत आत धातूच्या रूपात लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट, थंडीत चार्जिंग तोडतं का हे घेतानाच विचारा, सगळ्यांमध्ये ही सोय नसते. हीटर असलेल्या पण मिळतात. दुसरं, जुना कन्व्हर्टर हिलाही पूर्ण भरत नाही, हिला १४.२ ते १४.६ लागतात, चार्जरवर लिथियम मोड पाहिजे, आणि शिशासाठीचा इक्वलाइज किंवा डीसल्फेशन मोड चुकूनही चालू ठेवायचा नाही, त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं. तिसरं, गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडू नका, ही बॅटरी एवढा करंट मागते की जाड वायर असेल तर अल्टरनेटर तासन्तास फुल लोडवर तापत राहतो, मध्ये डीसी-टू-डीसी हवाच.

सोलरबद्दल. २०० वॅटचं पॅनल म्हणजे २०० वॅट मिळतात असं नाही. ट्रेलरच्या छतावर आडवं झोपवलेलं पॅनल, त्याच्यावर धूळ, त्यात उन्हाने तापलेलं, अशात चांगल्या दिवशी साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरलं तर ९०० वॅट-अवर होतात आणि गळती वजा जाता ६५० च्या आसपास, म्हणजे ५० एएच. माझा रोजचा खर्च ७२. आता करा हिशोब. आणि सावली! आपण गारव्यासाठी ट्रेलर झाडाखाली लावतो आणि पॅनल पण झाडाखाली जातं, एका फांदीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी आउटपुट निम्म्याच्या खाली येऊ शकतं. म्हणून मी छतावरचं एक ठेवलं आणि एक घडीचं घेतलं, ते लांब वायरीने उन्हात नेऊन ठेवतो आणि दिवसातून दोन-तीनदा फिरवतो, छतावरच्यापेक्षा तेच जास्त देतं. कंट्रोलर, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग सांभाळणारा डबा, एमपीपीटी प्रकारचा घ्या, पीडब्ल्यूएम प्रकारचा पॅनलचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खाली ओढतो, वरचं फुकट जातं. मात्र लांब वायर पॅनल आणि कंट्रोलरच्या मध्ये असावी, कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये नाही, हे माझं पहिल्यांदा उलटं झालं होतं आणि कंट्रोलरला बॅटरी भरलीय असं वाटून तो लवकरच करंट कमी करायचा.

शिशाची बॅटरी आणि जनरेटर असलेल्यांनी वेळ साधावी. सकाळी उठल्यावर तासभर जनरेटर, तेव्हा बॅटरी उतरलेली असते आणि भराभर घेते, आणि मग उरलेला दिवस सोलरला त्या शेवटच्या सावकाश टप्प्यासाठी सोडून द्यायचा. संध्याकाळी जनरेटर लावणारे बरोबर उलटं करतात, दिवसभर उन्हाने जवळजवळ भरलेल्या बॅटरीवर पेट्रोल जाळत बसतात.

बॅटरीत किती शिल्लक आहे हे कळायला ट्रेलरमधल्या त्या चार दिव्यांच्या पट्टीवर जाऊ नका. शिशाची बॅटरी दोन-तीन तास काहीही न जोडता शांत ठेवली तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली म्हणजे तातडीने भरा. चार्ज चालू असताना किंवा पंखा चालू असताना मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. लिथियममध्ये तर व्होल्टेजवरून काही कळतच नाही, ७० टक्क्यांना आणि ३० टक्क्यांना जवळपास सारखंच दिसतं, तिथे शंट लावलेला मॉनिटरच पाहिजे, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले एएच मोजतो. मला विचाराल तर दुसरी बॅटरी घेण्याआधी हा शंट घ्या. तो बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं की पाच तास ड्रायव्हिंग करून आत किती गेलं, आणि मी अक्षरशः कपाळाला हात लावला.

सुरक्षेचं पण लिहा हो. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिचा डबा बाहेर आणि हवा खेळती असलेला पाहिजे, झोपायच्या जागेत नाही. मेन फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर मधे कुठे घासली तर बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या वायरीला फ्यूजचं संरक्षण नसतं. काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी. आणि अनेक ट्रेलरमध्ये, ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा याच बॅटरीवर चालते, म्हणजे मेलेली बॅटरी घेऊन रस्त्यावर निघणं हा फक्त दिवे लागण्या न लागण्याचा प्रश्न नाही, मागून येणाऱ्याच्या जिवाचा आहे.

सीझन संपल्यावर शिशाची पूर्ण भरून, वायर काढून ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत भरायची, ती पडल्या पडल्या पण उतरते आणि उतरलेली बॅटरी कडक थंडीत आतून गोठून फुटते. लिथियम अर्धी भरलेली ठेवली तरी चालते.

तर संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच आहे की त्या लेखाचा दुसरा भाग काढा आणि त्यात चार्जिंगचं एक कोष्टक द्या, कुठल्या बॅटरीला किती व्होल्ट, किती तास, आणि गाडी, सोलर, जनरेटर यातून खरोखर किती एएच मिळतात. जागा कमी असेल तर फोटो एक कमी टाका. माझ्याकडे दोन सीझनची वही आहे, रोजचे आकडे लिहिलेले आहेत, लेखकाला उपयोग होणार असेल तर मी ती आनंदाने पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक